पियुषच्या स्टुलावर दुसरा पियुष

सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी पियुष फिरकेचं तिसरं खोकं तयार झालं होतं. पुठ्ठ्याचा सपाट ताव उचलायचा, चार बाजू रेषेवर दाबून उभ्या करायच्या, कोपऱ्यांच्या पट्ट्या आत वळवून खाचेत बसवायच्या, खोकं डावीकडच्या थप्पीवर ठेवायचं आणि पुढचा ताव घ्यायचा. सावद्याबाहेर, रावेरच्या रस्त्याला लागून असलेल्या या पॅकहाऊसमध्ये तो दोन वर्षं हे काम करतो आहे. शेतातून आलेल्या केळीच्या घडांच्या फण्या काढल्या जातात, तुरटीच्या पाण्यात धुतल्या जातात, पंख्याखाली सुकतात, आणि शेवटी पियुषनं केलेल्या खोक्यात जाऊन बसतात. तिथून कंटेनर, मग बंदर, मग आखात. रमजान तोंडावर आला की या साखळीत कुणालाच बसायला फुरसत नसते. पियुष मात्र बसूनच काम करतो. त्याचं स्टूल भिंतीकडे तोंड करून ठेवलेलं असतं आणि कानांवर आवाज अडवणारे पिवळे हेडफोन असतात, कारण पिशवीतली हवा ओढून घेणाऱ्या यंत्राचा आवाज त्याला सहन होत नाही.

तो चोवीस वर्षांचा आहे. सहाव्या वर्षी नाशिकच्या डॉक्टरांनी त्याला ऑटिझम असल्याचं सांगितलं. तो थोडे शब्द बोलतो, डोळ्यांत पाहत नाही, चवड्यांवर चालतो आणि चालताना उजव्या हाताची बोटं कानाजवळ हलवत राहतो. वडील जितेंद्र दीपनगरच्या वीज केंद्रात पाळीवर असतात. पियुषला खोकी करायला शिकवलं ते आईनं, ज्योत्स्नानं.

तिची पद्धत एकच होती. नवी जागा असेल तर आधी तिथं स्वतः बसायचं. पियुष लांबून बघायचा. मग ती उठायची, जागा मोकळी व्हायची आणि तो बसायचा. सावद्याच्या सलूनमध्ये ती अशीच एकदा पुरुषांच्या खुर्चीवर कापड गळ्याशी बांधून बसली होती. बाकावरच्या गिऱ्हाइकांपैकी एकानं विचारलं, "वहिनी, दाढी करता का कटिंग?" ती म्हणाली, "आज फक्त खुर्ची पाहायले आली. दाढी पुढच्या खेपेला." त्या दिवशी पियुषचे केस पहिल्यांदा न रडता कापले गेले.

या पद्धतीला दुसरी बाजूही होती. केस कापून झाले की त्याच खुर्चीवर पुढचं गिऱ्हाईक बसतं. दवाखान्यात तपासून झालं की त्याच स्टुलावर पुढचा पेशंट बसतो. पियुषनं यातून स्वतःचा नियम तयार केला. आपल्या जागेवर दुसरं कुणी बसलं की तिथलं आपलं काम संपलं. ज्योत्स्नानं तो नियम ओळखला आणि वापरला. संध्याकाळी पाच वाजता सारिका, म्हणजे शेजारच्या टेबलावर फण्या तोलणारी बाई, पियुषच्या स्टुलावर येऊन टेकायची. पियुष उठायचा, हेडफोन खिळ्याला अडकवायचा, हात धुवायचा, पिशवी घ्यायचा आणि फाटकाशी जायचा. तिथं आईची स्कूटी उभी असायची. सकाळी तो फाटकाशी आला की सारिकाच त्या स्टुलावरून उठून दाखवायची, मग तो बसायचा. दोन वर्षांत हे एकदाही चुकलं नव्हतं.

जानेवारीच्या शेवटी धुळ्याचे सिनेमावाले आले. अहिराणीत एक गंभीर सिनेमा करायचा होता. त्यातला नायक केळीच्या पॅकहाऊसमध्ये खोकी करतो आणि त्याला ऑटिझम आहे. पॅकहाऊसचे मालक रुपचंदशेठ यांनी दिग्दर्शकाला पियुष दाखवला. दिग्दर्शक दाराशी उभा राहून बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "हाच शे मन्हा हिरो."

भूमिका करणार होता किरण. खानदेशात त्याला या नावानं फारसं कुणी ओळखत नाही. मोबाईलवरच्या विनोदी व्हिडिओंमधला 'तोतरा तात्या' म्हटलं की सगळे ओळखतात. सहा वर्षं त्यानं तोतरेपणावर लोकांना हसवलं आहे. धुळ्याच्या बसस्टँडवर उतरला की रिक्षावाले त्याला "त-त-तात्या, ब-ब-बसा" असं म्हणतात. हा सिनेमा चालला तर आपल्याला माणसासारखी हाक मारतील, असं त्यानं ज्योत्स्नाला पहिल्याच दिवशी सांगितलं.

ज्योत्स्नानं दिग्दर्शकाला सरळ विचारलं होतं, "पियुषलाच का नाही घेत? काम तर तो करतोच."

"वहिनी," दिग्दर्शक म्हणाला, "कट म्हटलं की थांबता यायला पाहिजे."

तिनं विचार केला. दुसऱ्याच्या शब्दावर पियुष थांबत नाही, हे खरं होतं. तिनं पुढं काही विचारलं नाही. एक अट घातली. पियुषच्या स्टुलावर किरणनं बसायचं ते फक्त दुपारच्या सुट्टीत, पियुष मागच्या खोलीत जेवत असताना. तो परत यायच्या आत उठायचं. का, ते तिनं सांगितलं. दिग्दर्शकानं मान डोलावली. नंतर तो सांगत होता की ही आईची काळजी आहे एवढंच त्याला त्या वेळी समजलं, हा नियम आहे हे समजलं नाही.

किरण आठवडाभर रोज यायचा. मागं उभा राहून बघायचा, मग फाटकापासून पाण्याच्या टाकीपर्यंत चवड्यांवर चालायचा, बोटं कानाजवळ हलवत. पॅकहाऊसमधल्या बायकांना करमणूक झाली.

"भाऊ, टाच टेकली तुमची," सारिका ओरडायची. "आन् 'शे' 'शे' काय करता? पियुष आमच्या इकडचा हाये. 'हाये' म्हना."

"अक्का, सिनेमा अहिराणी शे."

"मंग त्याले धुळ्याले नेऊन खोकी करू द्या. आठी काबरं आले?"

फाटकावर बसणारे आधार आबा प्रत्येक फेरीला मार्क द्यायचे. "आज साठ टक्के." "आज सत्तर." बुधवारी सकाळी किरण फाटकातून चवड्यांवर आत आला तेव्हा आबांनी नव्वद दिले. रुपचंदशेठनी त्याला पॅकहाऊसचा निळा टी-शर्ट आणि टोपी दिली होती. हेडफोन त्यानं पियुषसारखेच, पिवळे, धुळ्याहून आणले होते.

त्या बुधवारी शूटिंग होतं. सकाळी पियुषचे हात लांबून टिपायचे, हे ज्योत्स्नानं मान्य केलं होतं. ती दाराबाहेर मांडलेल्या छोट्या पडद्यासमोर खुर्चीवर बसली होती. काही चुकत असेल तर सांगा, असं दिग्दर्शकानं तिला सांगितलं होतं, आणि ती ते काम मन लावून करत होती.

अकराच्या सुमाराला पियुषसमोरचे ताव संपत आले. एरवी गाडीवरून नवा गठ्ठा त्याच्या पायाशी येतो. त्या दिवशी वाटेत दिव्यांच्या वायरी पसरल्या होत्या आणि गाडी पलीकडे अडकली होती. पियुष उठला आणि गठ्ठा आणायला स्वतः गेला. स्टूल रिकामं दिसलं. उन्हाची तिरीप टेबलावर आली होती, ती दुपारी राहणार नव्हती. दिग्दर्शकानं किरणला हातानं खूण केली. किरण बसला. शेवटचे दोन ताव शिल्लक होते, त्यातला एक त्यानं उचलला.

पियुष गठ्ठा घेऊन परत आला. गठ्ठा त्यानं टेबलाशेजारी नीट ठेवला. किरणला गठ्ठा ठेवल्याचा आवाज ऐकू आला, पण पियुष कधी मान वळवत नाही, म्हणून त्यानंही वळवली नाही. पियुषनं हेडफोन काढून खिळ्याला अडकवले, हात धुतले, पिशवी घेतली आणि तो निघाला.

बाहेर पडद्यावर निळ्या टी-शर्टातली पाठ दिसत होती. पिवळे हेडफोन, टोपी, तावाच्या कडा दाबणारी बोटं.

"बघा, वहिनी," दिग्दर्शक हळूच म्हणाला.

"आज छान बसलाय," ज्योत्स्ना म्हणाली. तिला तो पियुष वाटला. दिग्दर्शकाला वाटलं ती किरणचं कौतुक करते आहे. दोघंही खूश होते.

पियुष मागच्या बाजूनं फाटकाशी पोचला. रोज जिथं स्कूटी असते तिथं त्या दिवशी जनरेटरची गाडी होती. स्कूटी शेडच्या मागं लावलेली होती. तो थोडा वेळ तिथं उभा राहिला, बोटं कानाजवळ हलवत. आधार आबांनी खुर्चीतून त्याच्याकडे पाहिलं.

"आता मात्र शंभर टक्के, भाऊ!" ते म्हणाले. त्यांनी टाळ्या वाजवल्या आणि फाटक उघडून दिलं.

पियुष महामार्गावर गेला.

आत किरण पियुषनं आणलेल्या गठ्ठ्यातून एकेक ताव घेत खोकी करत होता. सारिका पाण्याची बाटली घेऊन आली. "पियुष, पानी घे." तो बोलला नाही. पियुषही कधी लगेच बोलत नाही. बाटली टेबलावर ठेवून ती गेली. कॅमेरा चालूच होता, आणि हा अचानक घडलेला प्रसंग सगळ्यात चांगला झाला असं नंतर कॅमेरावाला सांगत होता. पुढच्या फेरीला ती बाटली न्यायला आली तेव्हा 'कट' झालेलं होतं. किरणनं वर पाहिलं आणि तिच्याकडे बघून हसला.

सारिकाच्या हातातून बाटली पडली. "वहिनी! हा पियुष नही. हा हसला माह्याकडं. पियुष कुठी गेला?"

ज्योत्स्ना खुर्चीवरून उठली तेव्हा पडद्यावर अजून तीच पाठ होती. मग ती पाठ वळली आणि तिला किरणचा चेहरा दिसला.

मागची खोली, शौचालय, कंटेनरची मागची बाजू, टाकी. टाकी दोनदा पाहिली. खिळ्याला हेडफोन होते, पिशवी नव्हती. आधार आबांना विचारलं तर ते उठून उभे राहिले. "मले वाटलं ॲक्टरच हाये. मी फाटक उघडून देल्लं. मी टाळ्या वाजवल्या, वहिनी."

"कुठं गेला? कोणत्या बाजूला?"

"गावाकडं. वाटते गावाकडं."

पॅकहाऊसपासून सावद्यापर्यंतचा रस्ता म्हणजे बऱ्हाणपूर-अंकलेश्वर महामार्ग. त्यावर केळीचे ट्रक, उसाच्या ट्रॉल्या आणि मध्य प्रदेशातून येणारी वाहनं सतत असतात. पियुष या रस्त्यावर कधीच पायी गेला नव्हता आणि त्याच्या कानांवर हेडफोन नव्हते. ज्योत्स्नानं स्कूटी काढली. किरण न विचारता मागं बसला. रुपचंदशेठ मागून दीपनगरला जितेंद्रला फोन लावत राहिले, तो लागत नव्हता.

ती गाडी हळू चालवत होती आणि दोन्ही बाजूंचे चर बघत होती. वाटेत माणूस दिसला की थांबायची आणि मागं बोट दाखवायची. "असाच शर्ट. असाच मुलगा. पाहिला का?"

किरणकडे पियुषचा फोटो होता, पण तो दाखवायची वेळच आली नाही. पंक्चरच्या दुकानातल्या माणसानं किरणकडे पाहिलं आणि तो गोंधळला. "हाच तर गेला ना आत्ता. पायी. रस्त्याच्या मधून चालला होता, ट्रकवाल्यानं शिव्या देल्या." मग त्यानं नीट पाहिलं आणि त्याचं तोंड फुललं. "अरे, त-त-तात्या! शूटिंग हाये का? कॅमेरा कुठी लपवला?"

"भाऊ, शूटिंग नहीं शे," किरण म्हणाला. "खरंच पोऱ्या हरवेल शे."

"हरवेल शे!" तो माणूस मांडीवर हात मारून हसला. "एक नंबर. आत्ता तो गेला त्यानंही शंभर टक्के केलं."

ज्योत्स्नानं विचारलं, "किती वेळ झाला?"

तिच्या आवाजानं त्याचं हसू थांबलं. "झाला असेल अर्धा तास. ताई, खरंच हाये का?" ती निघून गेली होती.

पुढं उसाची एक ट्रॉली आडवी उभी होती आणि तिच्यामागं वाहनं थांबली होती. ट्रॉलीच्या पलीकडे लोक गोळा झालेले दिसत होते. ज्योत्स्नानं स्कूटी स्टँडला न लावता सोडली, किरणनं ती धरली. ती गर्दीत शिरली. ट्रॉलीचं चाक निखळलं होतं. खाली ऊस पडला होता. माणूस नव्हता.

पियुष घरी सापडला. दाराला कुलूप होतं. त्यानं उजवा हात कुलपावर ठेवला होता, डावा कानावर, आणि कपाळ दाराला टेकवलं होतं. शेजारच्या ताईबाई ओट्यावर खुर्ची टाकून त्याच्यावर लक्ष ठेवून बसल्या होत्या. त्यांनी त्याला हात लावला नव्हता, त्याला ते चालत नाही हे त्यांना माहीत आहे. "तुहा फोन काबरं लागत नाही व?" त्या ज्योत्स्नाला म्हणाल्या. तिचा फोन शूटिंगसाठी बंद केलेला होता, तो तसाच राहिला होता. सगळ्यांचे फोन बंद ठेवायला सांगितलं होतं.

कुलूप निघालं. पियुष आत गेला, पिशवी जागेवर ठेवली. डबा भरलेला होता.

"पियुष," ती म्हणाली.

"झालं," तो म्हणाला.

किरण ओट्याच्या पायरीवर उभा होता. त्यानं टोपी काढली होती, पण शर्ट तोच होता. "अक्का, मन्हं चुकनं," तो म्हणाला. "बठ्ठं मन्हामुळे व्हयनं." ज्योत्स्नानं त्याला पाणी दिलं आणि आत यायला सांगितलं नाही.

त्या संध्याकाळी तिनं पतीला सगळं सांगितलं, एक गोष्ट सोडून. पडद्यावरची पाठ तिनं पियुषची समजली, हे तिनं दुसऱ्या दिवशी सांगितलं. जितेंद्र म्हणाला, "पाठमोरं कुणीही चुकेल." ती म्हणाली, "बाकी कुणीही चुकलं तर चालतं."

गुरुवारी सकाळी स्कूटी सुरू झाली आणि पियुष बाहेर आला नाही. तो आजारी नव्हता, रुसला नव्हता. अंघोळ केली, नाश्ता केला, आणि पलंगावर बसून राहिला. "कामाला," ती म्हणाली. "झालं," तो म्हणाला. हा शब्द तो केस कापल्यावर म्हणतो, जेवण झाल्यावर म्हणतो, शाळा सुटली त्या वर्षी म्हणाला होता. शाळेत तो परत गेला नाही.

रुपचंदशेठ वाईट माणूस नाहीत. त्यांनी फोन केला. "वहिनी, कंटेनर रोज जातो आहे. सारिका आणि दोन बाया आलटून पालटून खोकी करताहेत, तोलायचं काम मागं पडतंय. शनिवारपर्यंत मी कसंही धकवतो. रविवारपासून मले माणूस बसवावाच लागेल."

"बसवू नका," ती म्हणाली.

"एप्रिलनंतर पियुषला परत घेऊ ना. मी कुठं नाही म्हणतो?"

त्यांना ते सोपं वाटत होतं. ज्योत्स्नाला माहीत होतं की नवा माणूस त्या स्टुलावर रोज बसायला लागला, तर पियुषच्या लेखी ती जागा कायमची संपेल. सावदा, फैजपूर, भुसावळ, सगळीकडे विचारून झाल्यावर ही एक जागा मिळाली होती. तिथल्या बाया त्याला ओळखतात, त्याला यंत्राचा आवाज माहीत आहे, भिंत माहीत आहे.

गुरुवारी दुपारी तिनं त्याला कसंबसं फाटकापर्यंत नेलं. मग जुनी पद्धत केली. स्वतः आत जाऊन स्टुलावर बसली, एक खोकं केलं, उठली, बाजूला झाली. पियुष फाटकाबाहेर उभा राहून रस्त्याकडे पाहत होता. शुक्रवारी सारिका बसली आणि उठली. त्यानं तेही पाहिलं नाही. आधार आबा खुर्ची सोडून लांब जाऊन उभे राहिले होते, आपल्यामुळे तो घाबरत असेल म्हणून. तो आबांना घाबरत नव्हता. त्याचं काम झालं होतं, एवढंच.

शुक्रवारी संध्याकाळी सारिका फोनवर म्हणाली, "वहिनी, आपण बसून उपयोग नही. जो बसला, तोच उठाले पाह्यजे. त्यानं बुधवारी पियुषले उठवलं, पन तो सोता उठला ते पियुषनं कुठी पाह्यलं?"

ज्योत्स्नानं किरणला फोन लावला. सिनेमावाले तोवर चोपड्याला गेले होते. शनिवारी दुपारी त्याचं काम होतं. तो पहाटेची बस धरून आठच्या आत सावद्यात उतरला. रिक्षावाल्यानं तात्या म्हणून हाक मारली, त्यानं ऐकलं नाही असं केलं. निळा टी-शर्ट पिशवीत होता. त्यानं तो फाटकाशी घातला आणि हेडफोन लावले.

काय करायचं ते सारिकानं त्याला समजावलं. बसायचं. पाच-सहा खोकी करायची. मग पियुष पाचला करतो ते सगळं करायचं, क्रमानं, आणि फाटकातून बाहेर जायचं. त्या वेळी पियुष फाटकाशी असेल.

पियुष आला, आईच्या मागं दोन हात अंतर ठेवून. आत मान न वळवणारा एक निळा टी-शर्ट भिंतीकडे तोंड करून खोकी करत होता. पियुषनं बघितलं. बोटं कानाजवळ गेली. किरण उठला, हात धुतले, पिशवी घेतली आणि चालत फाटकातून निघाला. पियुषच्या शेजारून गेला. काही झालं नाही.

"हेडफोन!" सारिका आतून ओरडली. "भाऊ, हेडफोन डोक्यावरच हायेत तुमच्या! पुन्हा करा."

फण्या धुणाऱ्या एका बाईला हसू आलं, तिनं पदर तोंडाला लावला. किरण परत आत गेला. परत बसला. पहिलं खोकं वाकडं झालं. सिनेमात इतके रीटेक झाले नव्हते, असं तो नंतर म्हणाला. या वेळी त्यानं उठून हेडफोन काढले, पियुषच्या खिळ्याशेजारच्या खिळ्याला अडकवले, हात धुतले, पिशवी घेतली, फाटकातून बाहेर पडला आणि थांबला नाही. चवड्यांवर चालत तो पार महामार्गाच्या कडेपर्यंत गेला आणि तिथं पाठ करून उभा राहिला.

पियुष फाटकातून आत आला.

तो नळाशी गेला, हात धुतले. रुपचंदशेठनी हवा ओढणारं यंत्र बंद करायला हात केला आणि सारिकानं डोळ्यांनी नको म्हटलं. रोज जसं असतं तसंच असायला हवं होतं. पियुषनं खिळ्यावरचे आपले हेडफोन घेतले आणि कानांवर चढवले. तो स्टुलाजवळ गेला. बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिला. मग त्यानं स्टूल दोन्ही हातांनी उचललं, लांबच्या भिंतीशी नेऊन ठेवलं, टेबलाशी परत आला आणि उभ्यानं पहिला ताव उचलला.

तो दुपारपर्यंत उभा होता. जेवायला उठायचं नव्हतं, कारण बसलेलाच नव्हता, पण डबा समोर धरल्यावर त्यानं तो उभ्यानंच खाल्ला. किरण दुपारच्या आत चोपड्याला परत गेला. तिथं त्यानं घडलेलं सगळं दिग्दर्शकाला सांगितलं असावं, कारण तीनच्या सुमाराला दिग्दर्शकाचा ज्योत्स्नाला फोन आला. स्टूल उचलून ठेवण्याचा प्रसंग फार चांगला आहे, तो सिनेमात घ्यायची परवानगी द्या, किरण करेल, असं त्याचं म्हणणं होतं.

"तुम्हाला तो शेवट वाटतोय," ज्योत्स्ना म्हणाली. "मला अजून पाच वाजायचेत." तिनं फोन ठेवला.

पाच वाजले. सारिका नेहमीसारखी आली आणि तिला टेकायला जागा नव्हती. ती टेबलाशी उभी राहिली. पियुष खोकी करत राहिला. तिनं स्टूल आणून त्याच्यामागं ठेवलं आणि बसली. त्यानं पाहिलं नाही, ती आता त्याची जागा नव्हती. ज्योत्स्नानं "घरी" म्हटलं. तो खोकी करत राहिला. बाया हातपाय धुऊन गेल्या. कंटेनरचं दार बंद झालं. साडेपाच, सहा. थप्पी त्याच्या डोक्याच्या वर गेली, तेव्हा त्यानं शेजारी दुसरी सुरू केली. त्याच्या पोटऱ्या कापत होत्या, ते पॅन्टवरून दिसत होतं. ज्योत्स्नानं त्याच्या हातातला ताव धरला तेव्हा त्याच्या घशातून लहानपणीचा तो आवाज निघाला, जो तिनं कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. तिनं ताव सोडला.

साडेसहा वाजून गेल्यावर त्या दिवशी टेबलाशी आलेला सहावा गठ्ठा संपला. टेबलाशेजारी काही उरलं नाही, आणि गठ्ठ्यांची गाडीही कुठं दिसत नव्हती. पियुषनं रिकाम्या फरशीकडे पाहिलं, गठ्ठ्याची सुतळी उचलून गुंडाळली आणि टेबलावर ठेवली. मग हेडफोन खिळ्याला अडकवले, हात धुतले, पिशवी घेतली.

"झालं," तो म्हणाला आणि फाटकाशी गेला. स्कूटी तिथं होती.

रुपचंदशेठ, सारिका आणि ज्योत्स्ना टेबलाशी उभे राहिले. "म्हनजे ताव संपले की दिवस संपतो," सारिका म्हणाली. "सहा ठेवले तर साडेसहा. पाच वाजता सोडायचं त किती?"

"आणि मधेच कुणी एक गठ्ठा जास्त आणून ठेवला तर?" ज्योत्स्नानं विचारलं.

रुपचंदशेठनी नव्या माणसाला फोन करून येऊ नको म्हणून सांगितलं, आणि पियुषच्या टेबलाकडे कुणीही गाडी न्यायची नाही असं सगळ्यांना बजावलं. सीझनमध्ये पॅकहाऊसला रविवारची सुट्टी नसते. उद्या सकाळी आठला फाटक उघडेल, तेव्हा पियुषच्या टेबलाशेजारी पाच गठ्ठे असतील.